टिपणीस साहेबांचा आरामाचा रविवार

श्यामकांत टिपणिसांचा 'सहज' या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केल्यावर त्यांचं ठाम मत झालं होतं की या जगात सहज काही होत नाही. मिठाईवाला सहज हसला की पारड्याच्या बुडाला काहीतरी चिकटवलेलं असतं, आणि पेट्रोल पंपावरचा माणूस सहज हवापाण्याच्या गप्पा मारायला लागला की आपलं लक्ष आकड्यांवरून उडावं अशी त्याची इच्छा असते. म्हणून मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी सूनबाई म्हणाली, "बाबा, या रविवारी सहज मुलांना घेऊन कुठेतरी जाऊन या ना. दिवसभर. एकदम आरामात," तेव्हा त्यांनी कप बशीत ठेवला आणि कान टवकारले.

अबोली ही सून तशी बोलायला मोकळी, पण मुलांच्या बाबतीत भारी कडक. सहा वर्षांची स्वरदा आणि चार वर्षांचा धवल या दोघांना आजोबांबरोबर खालच्या बागेत पाठवायचं म्हटलं तरी दहा सूचना द्यायची. पाण्याची बाटली, टोपी, झोपाळ्यावर एका वेळी एकच, धवलला धुळीची शिंक येते, वगैरे. आज तिने एकही सूचना दिली नाही. वर "तुम्ही ठरवाल तिथे जा, तुम्हाला कळतं सगळं," असं म्हणाली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

"आणि तुम्ही दोघं?" त्यांनी विचारलं.

"मुकुलला ऑफिसचं काम आहे. मी जरा कपाटं आवरीन म्हणते."

मुकुल, त्यांचा मुलगा, समोर बसून ब्रेडला लोणी लावत होता. त्याने मान वर केली नाही. तीच बाजू दुसऱ्यांदा लावत होता. टिपणिसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच.

हा माणूस घडलाच तसा होता. सरकारी गाडीतून न जाता बसने जायचा, दुकानात आधी ओळखीच्या एखाद्याला गिऱ्हाईक म्हणून पाठवायचा आणि मग स्वतः आत शिरून म्हणायचा, "आधी रिकामं पारडं दाखवा." त्याच्या हद्दीत दिवाळीला पेढ्याचा एक बॉक्स त्याच्या घरी पोचवायची कुणाची छाती झाली नाही. हे झालं नोकरीतलं. पण निवृत्तीनंतर टेबल सुटलं, खोड सुटली नाही. भाजी घरी आली की ताणकाट्याला लटकायची. दुधाची पिशवी मापात रिकामी व्हायची. धुणंभांड्याच्या बाईंनी साबण किती दिवस पुरतो याचा तक्ता भिंतीवर पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या. स्वरदाचा जन्म झाला तेव्हा तर कमाल केली. परिचारिका बाळाला वजनकाट्यावर ठेवायला निघाली आणि हे दारातून म्हणाले, "थांबा, आधी काटा शून्यावर आहे का दाखवा." ती बिचारी पोर हातात घेऊन तशीच उभी राहिली. हा किस्सा मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीत हसत हसत सांगितला जायचा, आणि टिपणीस त्याचा अभिमान बाळगायचे.

तर अशा माणसाला कुणी आरामाचा दिवस आखायला सांगितला तर तो काय करणार? त्याने वही काढली.

जागा ठरली आरे कॉलनी. झाडं आहेत, बाग आहे, मुलुंडहून लिंक रोडने तासाभरात पोचता येतं. पण न पाहिलेल्या ठिकाणी नातवंडांना नेणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. म्हणून गुरुवारी, रविवारी निघायचं त्याच वेळेला, तेवढ्याच वजनाची पिशवी खांद्याला लावून ते एकटेच पाहणीला निघाले.

"अहो, सहलीची तयारी चाललीय की धाड घालायची?" कुंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दारात विचारलं.

"तूही चल रविवारी. कळेल."

"नको बाई. माझा गुडघा पुन्हा बोलायला लागलाय."

त्यावर टिपणीस "तेल लाव" म्हणाले आणि जिना उतरले. कुंदाताईंच्या शब्दाची फेरतपासणी करायची त्यांना चाळीस वर्षांत कधी गरज वाटली नव्हती.

आरेतल्या बागेच्या रखवालदाराला त्यांनी अर्धा तास धरून ठेवलं. पाणी कुठलं, टाकी कधी धुतली, घसरगुंडी कोणत्या साली बसवली, सावली दुपारी कुठल्या बाजूला सरकते, स्वच्छतागृहाची कडी आतून लागते का. तो माणूस चेहऱ्यावर आदर आणत म्हणाला, "साहेब, शूटिंगवाले काय? कुठला पिक्चर?" त्या भागात असले प्रश्न फक्त शूटिंगवालेच विचारतात. टिपणिसांनी ते मनावर घेतलं नाही आणि शेवटचा प्रश्न टाकला: बिबट्या शेवटचा कधी दिसला होता?

"तो काय सांगून येतो का साहेब? दिवसा नाय येत. दिवसा त्याला पण पब्लिकचा ताप होतो."

वहीत बिबट्यासमोर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं.

घरी परतल्यावर मात्र खरा पुरावा सापडला. त्यांच्या खणात पोलादी मोजपट्टी असायची, पाच मीटरची, प्रमाणित. ती जागेवर होती, पण उलटी ठेवलेली होती. आकडे खाली, पाठ वर. टिपणीस ती तशी ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणजे कुणीतरी नेली होती आणि गुपचूप परत आणून ठेवली होती. मोजपट्टी घेऊन माणूस काय मोजतो? भिंत मोजतो. कुठली भिंत? इथल्या भिंती मोजायला चोरी कशाला करावी लागते? मग आठवलं, परवा अबोलीने मुलांच्या कपाटाची उंची विचारली होती, "सहज." आणि मुकुल हल्ली फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घेत होता.

त्यांनी तिन्ही गोष्टी एकाखाली एक मांडल्या आणि हिशेब लागला. हे लोक घर बघत होते. दुसरीकडे. रविवारी मुलं अडसर होऊ नयेत आणि म्हातारा वासावर येऊ नये म्हणून दोघांनाही एकदमच आरेच्या जंगलात पाठवत होते.

आता टिपणिसांचं त्या मुलांशिवाय काय उरलं होतं हेही सांगायला हवं. सकाळी स्वरदाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणं, दुपारी आणणं, संध्याकाळी दोघांना घेऊन बाजारात चक्कर. त्यातही स्वरदा म्हणजे त्यांची शागीर्द. भाजीवाल्यासमोर ती हात पाठीमागे बांधून उभी राहायची आणि ते विचारायचे, "कुणी काही जास्त दिलं तर पहिला प्रश्न कुठला?" "का दिलं!" "शाब्बास, निरीक्षक." मागच्या महिन्यात शाळेतून निरोप आला होता की स्वरदा मैत्रिणींच्या डब्यातलं काही खात नाही, त्यांनाही खाऊ देत नाही, डबे हुंगून बघते. टिपणिसांना हसू आवरेना. मुकुल अर्धवट हसला. कुंदाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

त्या गुरुवारी संध्याकाळीच त्यांनी कुंदाताईंना बाजूला घेऊन आपला निष्कर्ष सांगितला.

"तुमचं आपलं काहीतरीच," कुंदाताई म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

"काहीतरीच नाही. पाणी मुरतंय कुठेतरी. मी शोधून काढणार."

मग त्यांनी सापळा आखला. घरात जाहीर केलं की सहा वाजता परतू. प्रत्यक्षात साडेतीनलाच दार वाजवायचं ठरवलं. अचानक भेट हे त्यांच्या जुन्या हत्यारांमधलं सगळ्यात धारदार.

रविवारी थंडी छान होती. बसमध्ये जागा मिळाली, पुढच्या रिक्षाचा मीटर त्यांनी सीलसकट तपासून घेतला, आणि साडेदहाला तिघं बागेत पोचले. वहीप्रमाणे सगळं घडत गेलं. अकराला झोपाळा, साडेअकराला पाणी, बाराला सावलीत सतरंजी. धवलला वहीशी काही घेणंदेणं नव्हतं, तो मातीत बसून एका मुंगीच्या मागे लागला होता. स्वरदा मात्र सतरंजीचे चारही कोपरे उचलून बघून मगच बसली.

दुपारचे पोळीभाजीचे डबे संपले. धवल आडवा झाला. टिपणिसांनी चष्मा पुसला. व्यापाऱ्याकडून खरं काढायचं असेल तर प्रश्न विचारायचा नसतो, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकून घेतलं होतं. चुकीचं बोलायचं. समोरचा आपणहून दुरुस्ती करतो.

"नवीन घरात तुझी खोली धवलपेक्षा लहान आहे म्हणे," ते म्हणाले.

"नाही काही! आमची दोघांची एकच आहे. निळा रंग लावणार आहेत," स्वरदा म्हणाली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

सहा वर्षांच्या पोरीला आपण फसवलं, हे टिपणिसांना कळलं. पण आता मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"ठाण्याला ना?"

"बोरिवलीला," ती हाताआडून म्हणाली. "आजोबा, मी सांगितलं असं सांगू नका. आजीला प्रॉमिस केलंय मी."

"आजीला? आईला म्हणायचंय तुला."

"आजीला. आजीनेच तर आईला सांगितलं, घर बघा म्हणून. आई नाही म्हणत होती. आजी म्हणाली, आत्ता नाही गेलात तर उशीर होईल."

समोरच्या झाडावर एक खार वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, टिपणीस तिच्याकडे बघत राहिले. मुलगा, सून, शेजारी, रखवालदार, सगळ्यांवर त्यांनी नजर ठेवली होती. आणि घरातल्या ज्या एका माणसाकडे पाठ करून ते निर्धास्त झोपत होते, तिनेच हे केलं होतं. गुडघा! तेल लाव म्हणाले होते ते. त्यांना भयंकर राग आला. आणि उशीर कसला? कशाला उशीर होणार होता?

"उठा," ते म्हणाले. "घरी जायचं."

"पण वहीत अडीचपर्यंत घसरगुंडी आहे," स्वरदा म्हणाली.

"उठा म्हटलं ना!"

धवलला झोपेतून उठवलं तर तो रडतच उठला. फाटकाजवळ येईपर्यंत त्याने हात सोडवून घेतला, धावला आणि खडीवर आपटला. गुडघ्याला खरचटलं. मग जो काही भोंगा सुरू झाला.

फाटकाबाहेर जवळच्या पाड्यावरची एक बाई टोपली घेऊन बसली होती. बोरं, चिंचा, थोडा ओला हरभरा. वय झालेलं, हिरवं लुगडं, पायात काही नाही. ती उठून आली, धवलच्या गुडघ्यावरची माती तिने पदराने झटकली आणि त्याच्या मुठीत दोन टपोरी बोरं ठेवली. "नाय रडायचा. गोड हाय, खा," ती म्हणाली. धवलने रडणं मधेच थांबवलं आणि एक बोर तोंडाकडे नेलं.

स्वरदाने झेप घेऊन त्याच्या हातावर फटका मारला. बोरं मातीत पडली.

"का दिलं?" तिने त्या बाईला विचारलं.

बाई हसली. "अगं, पडला ना तो. म्हणून दिला."

"पण फुकट का दिलं? आत काय घातलंय?" स्वरदाने हात पाठीमागे बांधले होते. मान किंचित तिरपी, डोळे बारीक. टिपणिसांनी ही मुद्रा एकतीस वर्षं आरशात पाहिली होती. "टोपली दाखवा. खालची दाखवा."

बाईचं हसू हळूहळू विझलं. तिने टिपणिसांकडे पाहिलं, की हा मोठा माणूस काहीतरी बोलेल. ते बोलले नाहीत. मग तिने खाली वाकून ती दोन बोरं उचलली, लुगड्याला पुसली, टोपलीत टाकली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. पुन्हा तिने या मुलांकडे पाहिलं नाही.

स्वरदा वळली. तिचा चेहरा शाबासकीसाठी तयार होता.

"बरोबर केलं ना, आजोबा?"

टिपणिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते त्या बाईपाशी गेले, वाकून म्हणाले, "बाई, चूक झाली आमची. एक बोर द्याल का मला?" तिने टोपली नुसती पुढे सरकवली. त्यांनी एक बोर उचललं, न धुता, न पुसता तोंडात टाकलं आणि स्वरदाला दिसेल असं चावलं.

"बघ. काही नाही होत. छान आहे."

त्यांना वाटलं होतं पोर हसेल. स्वरदा पांढरीफटक पडली. ती धावत आली आणि दोन्ही हातांनी त्यांचा जबडा धरून तोंड उघडायला लागली. "थुंका! आजोबा, थुंका ना! तुम्हाला काही झालं तर? थुंका!" ती ओक्साबोक्शी रडत होती. ही नक्कल नव्हती, खेळ नव्हता. पोर खरोखर भ्यायली होती. ते ज्याला हुशारी समजून पाठ थोपटत आले, ती या लेकराच्या पोटात भीती होऊन बसली होती. शाळेत डबा हुंगताना, सतरंजीचे कोपरे उचलताना, दररोज, प्रत्येक वेळी ती अशीच घाबरत असणार. आणि त्यांना हसू आलं होतं.

कुंदाताई कसल्या उशिराबद्दल बोलल्या होत्या, ते त्यांना तिथे कळलं.

त्यांनी तिला उचलून घेतलं. खूप दिवसांनी उचललं, जड झाली होती. किती जड, याचा त्यांनी अंदाज केला नाही. तिचे हुंदके थांबेपर्यंत ते फाटकापाशी उभे राहिले, आणि मग दोघांना घेऊन पुन्हा बागेत आत गेले. धवल घसरगुंडीकडे पळाला. स्वरदा त्याच्या मागोमाग गेली.

घड्याळात अडीच वाजले होते. आता निघालं असतं तर साडेतीनला मुलुंडला पोचता आलं असतं. टिपणीस बाकावर बसले आणि त्यांनी कुंदाताईंच्या मोबाईलवर फोन लावला.

"काय झालं?" कुंदाताईंनी पहिल्याच घंटीला उचलला. "मुलं बरी आहेत ना?"

त्यांचा आवाज घुमत होता. सामान नसलेल्या खोलीत घुमतो तसा. मुलुंडच्या त्यांच्या घरात इतकं सामान होतं की तिथे कुणाचा आवाज घुमणं शक्य नव्हतं.

"बरी आहेत. आम्ही सहालाच येतो. त्याआधी नाही," टिपणीस म्हणाले. "मुकुलला सांग, घाई करू नका. उजेड आहे तोवर सगळं नीट बघून घ्या."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. माझं मला कळलं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी साक्षीदार लपवला.

"रागावलात?"

"हो. खूप." मग त्यांनी एक श्वास घेतला आणि जे विचारायची भीती वाटत होती ते सरळ विचारलं. "तूही जाणार आहेस का त्यांच्याबरोबर?"

"अहो, मी कुठे जाते तुम्हाला सोडून? खिडक्यांना जाळ्या आहेत का बघायला आले फक्त." कुंदाताई म्हणाल्या. "मला तुमच्यापासून लपवायचं नव्हतं हो. पण तुम्ही ऐकलं नसतंत. ऐकलं असतंत का?"

"नसतं ऐकलं," टिपणीस म्हणाले.

समोर घसरगुंडीच्या शिडीवर धवल चढायला निघाला होता. स्वरदाने त्याला मागे ओढलं. ती स्वतः वाकली आणि पहिली पायरी हाताने दाबून बघितली, मग दुसरी, मग तिसरी. मागे पाचसहा मुलांची रांग खोळंबली होती, कुणीतरी ओरडत होतं, "ए, सरक ना!" तिचं लक्ष नव्हतं. सगळ्या पायऱ्या झाल्यावर तिने धवलला वर सोडलं, आणि तो खाली येईपर्यंत कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.

"खेळतायत ना मुलं?" कुंदाताईंनी विचारलं.

"धवल खेळतोय."

"आणि ती?"

धवल खाली आला होता आणि पुन्हा शिडीकडे धावला होता. स्वरदा परत पहिल्या पायरीपाशी वाकली होती.

"ती नाही खेळत," ते म्हणाले. "घर बरं असलं तर घेऊन टाका म्हणावं, कुंदा. जाऊ दे त्यांना. लवकर जाऊ दे."